१ बदाम – (१ नोट्रंप) – डबल – (२ चौकट) – आता काय?

हा ब्रिजमधल्या बोलीचा प्रश्न, कंसातल्या बोली विरोधकांच्या. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की नोट्रंप ओव्हरकॉलनंतरची (आपण उघडल्यावर विरोधकाने हुकुमाविना खेळायची बोली लावली, त्यानंतरची) आपली पहिली बोली पक्की झाली. ती पक्कीच आहे. भिडूने १ बदाम उघडलं, उजवीकडून १ नोट्रंप आलं, की ९ किंवा जास्त पॉइंटांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) डबल, म्हणजे त्यांच्या बोलीचा दंड आणि गुण वाढवणारी बोली. त्याखाली लांब रंग असेल तर २ च्या पातळीवर नॉन-फोर्सिंग (भिडू पास करू शकेल अशी) बोली. चार पानांचा पाठिंबा आणि कमी पॉइंट असतील तर सरळ ३ बदाम. १ चौकटवर २ किल्वर म्हणजे दोन्ही मेजर (इस्पिक आणि बदाम), हेही अंगवळणी पडलं.

गाडी अडली ती पुढच्या फेरीत. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या टेबलावर मथळ्यातली बोली लागली आणि डाव डबल न होताच २ चौकटवर संपला. एक डाउन, आपल्या खात्यात फक्त ५०.

दोन्ही बाजूंची पानं मांडतो. नॉर्थ (उघडणारा): इस्पिक राजा-७-४, बदाम एक्का-राणी-८-६-३, चौकट ९-५-३, किल्वर राजा-४. साउथ (त्याचा भिडू): इस्पिक राणी-गुलाम-८-५, बदाम ७-४, चौकट ८-४, किल्वर एक्का-राणी-७-६-५. बारा आणि नऊ, म्हणजे एकवीस आपल्याकडे. एकूण चाळीसपैकी ओव्हरकॉलवाल्या ईस्टकडे सोळा धरले तर वेस्टकडे तीनच उरतात.

१ नोट्रंपवरचं डबल का चांगलं, ते इथे दिसतं. डमी (ईस्टच्या भिडूची, वेस्टची उघडी पानं) रिकामी, तिथे जायला प्रवेश नाही, ईस्टला प्रत्येक रंग स्वतःच्याच पानांतून खेळावा लागणार. शिवाय डबल करणारा साउथच उतारी करतो, आणि त्याची मोठी पानं ईस्टच्या मागे बसलेली. म्हणूनच वेस्ट २ चौकट सांगून पळाला. त्याच्या जागी कोणीही पळेल.

आमचा जुना करार असा होता: पळाल्यावर २ च्या पातळीवर पास फोर्सिंग (भिडूने पुढे काहीतरी बोलायलाच हवं), डबल मात्र निव्वळ दंडाचं. कागदावर छान दिसतं, टेबलावर टिकत नाही. नॉर्थकडे चौकटीची तीन बारकी पानं, दंडाचं डबल कसं करणार? पास. साउथकडे दोनच. त्यालाही डबल नाही, पासही चालत नाही, आणि सांगायला धड रंग नाही. करारच दोघांना कोपऱ्यात ढकलतो.

बरेच दिवस याच्याशी झटापट चालली होती, आता वाट सापडली. ते पळाल्यावरचं पहिलं डबल टेकआउटचं (भिडूला रंग सांगायला सुचवणारं) करायचं, पण पास फोर्सिंगच ठेवायचा. ज्याच्याकडे त्यांच्या रंगाची दोन किंवा कमी पानं तो डबल करतो, ज्याच्याकडे लांब रंग तो गप्प बसून वाट पाहतो. नॉर्थकडे चार चौकट असतील तर तो पास करतो, साउथ दोन पानांवर डबल करतो, नॉर्थ पुन्हा पास, दंड वसूल. नॉर्थची चार पानं रंग बोलणाऱ्या वेस्टच्या मागे बसतात, त्यामुळे ती साउथकडच्या चार पानांपेक्षा जास्त मोलाची.

यातली सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे नॉर्थच्या पासनेच माहिती मिळते. पास म्हणजे तीन किंवा जास्त. दोघांकडे तीन-तीन असतील तर त्यांच्याकडे सातच हुकूम, डबल करून निवांत बसावं. साउथकडे दोन असतील तर जास्तीत जास्त आठ. म्हणून नॉर्थच्या पासनंतर साउथने दोन किंवा जास्त पानांवर डबल करायचंच.

आता उरली तीन-दोनची वाटणी, म्हणजे वरचाच डाव. इथे जाँ-रेने व्हर्न यांचा एकूण हातांचा नियम उपयोगी पडतो: दोन्ही बाजूंच्या सर्वांत लांब रंगांची पानं मिळून जितकी, तितकेच साधारण दोघांचे मिळून हात. त्यांचे आठ चौकट. आपली इस्पिक सात, बदाम सात, किल्वर सात. एकूण हात पंधराच्या आसपास. त्यांना सात मिळाले तर आपल्याला आठ: आपले ११० किंवा त्यांचा दंड. ते नॉन-व्हल्नरेबल (कमी दंडाच्या स्थितीत) असतील तर दंड १००, व्हल्नरेबल असतील तर २००. आणि त्यांनी आठ केले तर? २ चौकट डबल होऊन झाली तरी १८०च जातात. हातांचे गुण फक्त ८०, गेम लागत नाही.

म्हणून नियम ठरला: ते व्हल्नरेबल असतील तर नॉर्थ तीन बारक्या पानांवरही डबल तसंच सोडतो, म्हणजे पास करतो. नॉन-व्हल्नरेबल असतील तर पाच-तीन-तीन-दोन वाटणीवर सोडतो. बदाम सहा असतील किंवा दुसरा चार-पाच पानांचा रंग असेल तर उठतो, म्हणजे आपला रंग सांगतो. कमी पॉइंटांची सहा-पाच पानं असतील तर पासची वाट न पाहता लगेच रंग सांगायचा.

पण मेजरला हे जसंच्या तसं लावू नका. २ इस्पिक डबल होऊन झाली की हातांचे १२० होतात, म्हणजे गेम: नॉन-व्हल्नरेबल ४७०, व्हल्नरेबल ६७०. टीमच्या सामन्यात दुसऱ्या टेबलावर आपल्याच संघातल्या जोडीला ११० मिळाले, तरी फरक ३६० किंवा ५६०चा, म्हणजे ८ किंवा ११ इम्प (टीमच्या सामन्यातले गुण) गेले. त्यामुळे मेजरमध्ये टेकआउट डबलवर बसायला चार हुकूम हवेत, आणि नॉर्थच्या पासनंतर साउथच्या डबलला किमान तीन.

मग २ इस्पिकवर नॉर्थचा पास आला आणि साउथकडे इस्पिकची दोनच पानं असतील तर? इथवर लिहिताना एक गोष्ट सुचली. साउथचं २ नोट्रंप आपण खरोखरीचं म्हणून राखून ठेवलंय, पण एकवीस-बावीस पॉइंटांवर ते खेळायची वेळ जवळपास येतच नाही. त्याऐवजी २ नोट्रंप म्हणजे ‘मला खेळायला दोन रंग आहेत, तू खालून वर सांगत ये’. नॉर्थ ३ किल्वरपासून सुरू करतो. मायनरमध्ये (चौकट, किल्वर) याची गरज नाही, तिथे डबल पुरतं. कराराच्या कागदावर ही ओळ आजच चढवतोय, आणि पुढच्या सत्रात आधी ठरलेली लेबेनझोल या बोली-पद्धतीची उजळणी मागे टाकून हेच घ्यायचं.

सरावासाठी बीबीओच्या (ब्रिज बेस ऑनलाइन) टेबलावर अटी घालून डाव पाडा: नॉर्थ १२ ते १४, पाच बदाम, ईस्ट १५ ते १८, संतुलित, बदामात स्टॉपर (रंग अडवणारं पान), साउथ ९ ते ११. वेस्टला एक पाच पानांचा रंग द्या, नाहीतर तो पळतच नाही. डबल-डमी निकाल पाहताना इतकं ध्यानात ठेवा की सॉफ्टवेअरला चारही बाजू दिसतात, त्याची उतारी चुकत नाही.

घरी डाव पाडणार असाल तर पूर्ण प्लास्टिकचे पत्तेच घ्या. श्रावणातल्या दमट हवेत कागदी पत्ते एकमेकांना चिकटतात, पिसले जात नाहीत आणि डाव एकसारखे पडतात. मेन रोडवर विचारताना ब्रिजचे, ५७ मिलिमीटर रुंदीचे मागा. ६३चे पोकरचे पत्ते तेरा धरले की कडेचे झाकले जातात.

वेस्टच्या रिडबलचं (आपल्या डबलवर त्याने पुन्हा डबल करण्याचं) अजून बाकी आहे. कोणी ते सुटकेसाठी करतं, कोणी खरंच खेळायला. बोलीआधी विचारून घ्या, कारण १ नोट्रंप रिडबल होऊन झालं तर ५६० किंवा ७६०. सध्या नॉर्थचा पास तिथे ‘मला काही सांगायचं नाही’ इतकाच. ३ च्या पातळीवर पास फोर्सिंग नाही, असंही तूर्त धरलंय. ज्या जोड्या तिथेही तो फोर्सिंग ठेवतात, त्यांनी कोणत्या पानांवर पस्तावा झाला ते डावासकट लिहा.