तुम्ही विचारलंत म्हणून: गाठ निघाली, तरी डोक्यात पाणी कसं?

"डॉक्टर, गाठ पूर्ण काढली ना? मग डोक्यात पुन्हा पाणी कसं झालं?" मुंबईला मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया करून नाशिकला परतलेल्या तान्ह्या बाळांचे आईवडील मला, त्यांच्या बालरोगतज्ज्ञाला, हा प्रश्न नेहमी विचारतात. शस्त्रक्रिया फसली किंवा गाठ उलटली, ही भीती त्यामागे असते; पण पाणी साचले म्हणजे यांपैकी काही घडलेच असे मुळीच नाही.

कोरॉइड प्लेक्सस पॅपिलोमा ही दुर्मीळ गाठ घ्या. मेंदूच्या पोकळ्यांत पाणी तयार करणाऱ्या ऊतींचीच ही गाठ असते. ती कर्करोगाची नसते आणि पूर्ण निघाली तर क्वचितच परत येते, मात्र ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. बाळाच्या अंगात किलोमागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे सहा किलोच्या बाळात अर्धा लिटरसुद्धा नाही; एवढ्या रक्ताच्या हिशेबात ती गाठ काढणे किती जोखमीचे असते, हे नातेवाइकांना क्वचितच कोणी समजावून सांगते.

गाठीमुळे पाणी जास्त झाल्याने पोकळ्या फुगलेल्या असतात आणि मेंदूचा थर ताणून पातळ झालेला असतो. गाठ निघाल्यावर हा थर कवटीपासून खाली बसतो आणि शस्त्रक्रियेसाठी केलेल्या वाटेने पाणी मेंदूच्या बाहेरच्या जागेत झिरपते. असे पाणी थोडे असेल आणि बाळ खेळते-पिते असेल, तर पुष्कळदा केवळ लक्ष ठेवून थांबता येते. दुसरे कारण अधिक चिवट आहे: रक्त आणि प्रथिनांमुळे पाणी शोषणाऱ्या वाटा बुजतात, आणि मग पोकळीतील पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे शंट, बसवावा लागतो. तोही तुंबू शकतो, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. विशेषतः पहिल्या काही महिन्यांतला ताप साधा समजू नये.

पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या आज्यांना मी मुद्दाम आत बोलावतो, कारण टाळू भरणाऱ्या हाताला फरक आधी कळतो. जखमेवर आणि शंटच्या जागी तेल-मालीश नको, एवढे मात्र बजावतो. बाळ शांत असताना, उभे धरून टाळू पाहावी. रडताना ती फुगतेच. डोक्याचा घेर दर आठवड्याला एकाच टेपने मोजून वहीत लिहावा. टाळू फुगून ताठ राहणे, वारंवार उलट्या, नजर खाली झुकणे, आकडी, किंवा दुधासाठीही जाग न येणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावे, आणि निघतानाच शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करावा.

दीड वर्षाच्या सुमारास टाळू भरून येते आणि ही खूण हातची जाते. त्यानंतर सकाळच्या उलट्या, डोकेदुखीची किरकिर आणि वाढती सुस्ती यांवरच लक्ष ठेवावे लागते.