चाळीस मिनिटं

रात्रीचे साडेनऊ झालेत, दिवसभर स्की टूरिंग (स्कीवरूनच डोंगर चढायचा आणि स्कीवरूनच उतरायचा) झाल्यावर मांड्या बोलायच्या स्थितीत नाहीत. समोर दोरीवर स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या) वाळत टाकल्यात आणि त्यांच्याकडे बघितलं की अजून चिडचिड होतेय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, नाहीतर झोप यायची नाही.

पहाटे साडेतीनचा गजर. उठल्या उठल्या बाहेर जाऊन वर बघितलं. चांदण्या लख्ख, ढगाचा मागमूस नाही, म्हणजे रात्रभर बर्फाने आपली उष्णता आकाशाला देऊन टाकलेली आणि वरचा थर टणक गोठलेला. हिवाळा सरत आला की सगळा खेळ यावरच चालतो. दिवसा ऊन बर्फ वितळवतं, रात्री ते पुन्हा गोठतं, असं बरेच दिवस झालं की वरच्या थराचे जाड टपोरे दाणे बनतात, सकाळी काचेसारखे कडक, आणि मग ऊन लागून वरचे दोन-तीन सेंटीमीटर सुटले की त्याला म्हणतात कॉर्न. त्याच्यावरून खाली येताना वाटतं आपण एकदम भारी स्की करतो (करत नाही, बर्फ करवून घेतो). पण ही मजा तास-दीड तासाची, नंतर सगळा गिचका. पहिल्या वर्षी मी फक्त तापमान बघायचे, आभाळाकडे लक्षच नसायचं. आभाळ मोकळं असेल तर हवा शून्याच्या जरा वर असली तरी बर्फाचा वरचा थर गोठतो आणि ढगांची गोधडी असेल तर थंडी असूनही नीट गोठत नाही, हे कळायला दोन वेळा गुडघ्यापर्यंत रुतावं लागलं.

हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये धोका सकाळी २ आणि दिवस चढला की ३, पाचपैकी. ३ हा आकडा मला कायम फसवा वाटतो. ऐकायला मधला, पण हिमस्खलनात माणसं बऱ्याचदा ३ असतानाच जातात, कारण ४ ला लोक घरी बसतात आणि ३ ला निघतात. आम्हीपण निघालोच. तिघं. निघताना नेहमीची बीकनची (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला प्रत्येकाच्या अंगावर असतं ते रेडिओ यंत्र) तपासणी झाली, एक जण पुढे उभा आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जायचे, पुढच्याचं यंत्र वाजतंय ना ते बघायचं. सगळ्या कंपन्यांची बीकन्स ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात म्हणून कोणाचंही कोणाला सापडतं. मोबाईल बीकनपासून लांब ठेवायचा, तो दुसऱ्या बाजूच्या खिशात. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं पाठीवर. हे सगळं करताना कोणी फार बोलत नाही. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर ठीक, पुढे आशा भराभर कमी होते, हे तिघांनाही माहितीये. आणि एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नसते, जे करायचं ते सोबतच्यांनीच.

प्लॅन असा होता की साडेपाचला चालायला लागायचं, ११०० मीटर चढ, तासाला तीनशेच्या हिशोबाने सव्वानऊ-साडेनऊपर्यंत माथा, आणि पूर्वेकडच्या वाटीसारख्या उतारावरून दहाच्या आत खाली. पूर्वेच्या उताराला ऊन पहिल्यांदा लागतं म्हणून तिथे घाई. उतार पस्तीस अंशांच्या आसपास. बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीसमध्येच होतात, म्हणजे स्कीला जो उतार मस्त वाटतो नेमका तोच.

सुरुवात छान झाली. कडक बर्फावर स्किन्स घसरायला लागल्या तशी स्की क्रॅम्पॉन (स्कीखाली लावायची दातेरी पट्टी) लावली आणि मग नुसता कर्र कर्र आवाज. लोकांना वाटतं स्की टूरिंग म्हणजे सुसाट खाली येणं, खरंतर दिवसातला बहुतेक वेळ चढण्यातच जातो, टाच मोकळी, पाऊल उचलायचं नाही, फक्त पुढे सरकवायचं. मला हाच भाग जास्त आवडतो असं मी सांगते, त्यात निम्मं खोटं आहे. किक टर्न, म्हणजे चढावर जागच्या जागी एकेक स्की उचलून उलट्या दिशेला वळणं, मला अजून धड जमत नाही. वरची स्की वळवली जाते, पण खालची मागे आली की तिचं टोक बर्फात अडकतं आणि मग मी तशीच, एक पाय इकडे एक पाय तिकडे.

घोडं अडलं ते खिंडीत. तिथून शंभरेक मीटर खाली उतरून परत चढायचं होतं, म्हणजे स्किन्स काढायच्या, खाली जायचं, परत लावायच्या. पाच मिनिटांचं काम. काढलेल्या स्किन्स जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायच्या म्हणजे गोंद गरम राहतो, हे मी स्वतः दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. आणि आज वारा होता, हात गारठले होते, मी त्या नीट घडीसुद्धा न घालता बॅगेवर टाकल्या आणि बाइंडिंगशी (बूट स्कीला अडकवायची कडी) झटापट करत बसले. दोन मिनिटांत वाऱ्याने गोंदाच्या बाजूवर बारीक बर्फाची पिठी पसरवली. खाली उतरून लावायला गेले तर चिकटेचनात. स्कीच्या कडेने बर्फ खरवडला, जॅकेटमध्ये घालून उबवल्या, परत लावल्या, वीस पावलांत मागचं टोक सुटलं, परत काढल्या. शेवटी रबरी पट्टे गुंडाळून कशाबशा बांधल्या. पूर्वी सीलच्या कातडीच्या असायच्या म्हणून नाव स्किन, आता नायलॉन नाहीतर मोहेअरच्या (अंगोरा बकरीच्या लोकरीच्या), पण गोंद गार आणि ओला झाला की सगळ्या सारख्याच. चाळीस मिनिटं गेली. दोघं काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

तर खरी गोष्ट इथून पुढची आहे.

साडेनऊला आम्ही माथ्यापासून अजून दोनशे मीटर खाली. ऊन चांगलंच लागत होतं. आमची चढायची वाट सोंडेवरून, सौम्य, पण बाजूला ती वाटी दिसत होती, आणि तिथे खडकांच्या बुडाशी बर्फाच्या छोट्या गुंडाळ्या सुटून खाली यायला लागलेल्या मी बघितल्या. एक, मग तीन-चार. वरचा थर ओला होऊन सुटतोय याची ती खूण. माझी काठी आधी टोकापुरती जात होती, आता वीतभर जायला लागली. पाणी आत झिरपलं की थरांची एकमेकांवरची पकड सैल होते, हे सगळं मला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आणि मी मूग गिळून गप्प. उशीर माझ्यामुळे झाला होता ना. आता मीच म्हणायचं की उशीर झालाय, परत फिरू? मनात हिशोब चाललेला की अजून पाऊण तास, होईल की, त्यांना बरोबर वाटत नसेल तर तेच बोलतील. पुढची दहा मिनिटं मी पायाखालचं बर्फ बघितलंच नाही, नुसतं पुढच्याच्या बुटांच्या टाचा.

शेवटी मैत्रीण थांबली, स्की काढून एक पाऊल बर्फात ठेवलं, नडगीपर्यंत आत गेलं. म्हणाली, "मला नाही बाई ते उतरायचं आज." संपलं. कोणी वाद घातला नाही. मी पटकन "हो हो, मलापण तेच वाटत होतं" म्हटलं, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते काही विसरता येणार नाही.

चढलो त्याच वाटेने उतरलो. बर्फ एव्हाना जड झालेलं, वळताना गुडघे पिळवटून निघाले, मजा शून्य. खाली सपाटीवर, वाटीच्या वाटेपासून लांब, बसून तासभर वर बघत होतो. मला खरंतर वाटत होतं काहीतरी पडावं, मोठा आवाज व्हावा, म्हणजे परत फिरलो ते बरोबर ठरलं असतं. काही पडलं नाही. त्या गुंडाळ्या तेवढ्या येत राहिल्या आणि उतार दुपारी बारापर्यंत जसाच्या तसा. म्हणजे उतरलो असतो तरी कदाचित धडधाकट आलो असतो आणि मी आज लिहिलं असतं की काय कॉर्न मिळालं म्हणून. तो उतार धोक्याचा होता की नव्हता हे आता कधीच कळणार नाही, पण ती दहा मिनिटं मी गप्प होते हे मात्र पक्कं.

मघाशी मैत्रिणीला सांगितलं की मी ते आधीच बघितलं होतं. ती म्हणाली, "कळलं होतं मला, तू काठी टोचून बघायचं थांबवलंस तेव्हाच." मग जरा वेळाने, "मी पण पाच मिनिटं थांबले होते, तू बोलतेस का बघत."

स्किन्सचा गोंद मागच्या टोकाला गेलाच आहे, तिथे नवा लावावा लागेल. आभाळ भरून आलंय, उद्या गोठणार नाही. गजर बंद केला.