चौथा खलनायक आणि आकड्यांची शिडी

ऑडिओ मालिकेच्या आमच्या लेखनखोलीत त्या दिवशी चौथ्या खलनायकाचा आराखडा टेबलावर आला. पहिल्याने गाव जाळलं होतं, दुसऱ्याने राजधानी पाडली, तिसऱ्याने अख्खं बेट बुडवलं. हा चौथा डोंगर चुरडणार होता, आणि ‘मी त्याच्या शंभरपट बलवान आहे’ हे वाक्यही त्याच्या तोंडी लिहून आलं होतं. कथा-संपादक म्हणून ते वाक्य मी सगळ्यात आधी कापलं. आकडा एकदा बोलला गेला की पुढच्या खलनायकाला त्याच्याही वर चढावंच लागतं.

फळ्यावर मी अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेतली (१९८४ ते १९९५) आकड्यांची शिडी मांडली. ताकद मोजणारं स्काउटर कथेत येतं तेव्हा बंदूकधारी शेतकरी ५ आणि नायक गोकू ३३४. पुढचे शत्रू चढत जातात: सायबामेन १,२००, गिन्यू १,२०,०००, फ्रीझा ५,३०,००० आणि रूप बदलल्यावर दहा लाखांच्या वर. सुरुवातीचे आकडे बोलके आहेत: पिकोलो हा योद्धा अंगावरचे वजनदार कपडे उतरवतो आणि ३२२ चे ४०८ होतात, म्हणजे युक्ती डोळ्यांना दिसते. लाखांच्या घरात गेल्यावर तसं काहीच दिसत नाही. शिवाय यामचासारखे जुने सोबती कायमचे प्रेक्षक होऊन बसतात, आणि माझ्या मते लांब मालिकेचं खरं नुकसान तिथेच होतं.

तोरियामांनी पुढे काढलेली वाट फार शिकण्यासारखी आहे. फ्रीझानंतरच्या अँड्रॉइड १७ आणि १८ या कृत्रिम योद्ध्यांची ‘की’, म्हणजे अंगातली ऊर्जा, जाणवतच नाही, त्यामुळे शत्रू हुडकण्याचं नायकांचं साधनच निकामी होतं. पुढचा खलनायक सेल, त्याला पूर्ण रूप मिळवायला हे दोघे गिळावे लागतात, म्हणून लढाई त्यांना त्याच्यापासून दूर ठेवण्याची होते. १७ गिळून झाल्यावर गोकूचा जुना सोबती तेनशिनहान वरून एकामागून एक किकोहो (ऊर्जेचे झोत) मारत सेलला जमिनीत दाबून धरतो. त्याच्याने सेलला साधी इजाही होत नाही, पण तेवढ्यात १८ निसटते. ताकदीत कितीतरी मागे पडलेल्या माणसाला लेखकाने खरं काम दिलं आहे.

आपल्या कथांना तर हे जुनंच ठाऊक आहे. वाली समोरच्याचं अर्धं बळ खेचतो, म्हणून राम आडून बाण मारतो. रक्तबीजाचं रक्त सांडलं की नवा राक्षस उभा राहतो, म्हणून चामुंडा ते रक्त पिते. जरासंधाची शकलं पुन्हा जुळतात, म्हणून भीम ती उलटसुलट फेकतो. प्रत्येकाला एक नियम आहे आणि वध त्या नियमातूनच निघतो.

मग आमचा खलनायक नियमापासून बांधायला घेतला. ‘एका शस्त्राने एकदाच जखम होते’ हा पहिला मसुदा लगेच फसला, कारण एका भात्यातले दोन बाण एक शस्त्र की दोन? शस्त्राऐवजी माणूस धरला: ज्याने एकदा वार केला, त्याचा दुसरा वार लागत नाही. त्यावर सहकारी म्हणाली, “मग राजा हजार सैनिक आणेल आणि हजार वार करेल, संपला विषय.” तिचं बरोबर होतं. म्हणून किंमत जोडली: वाराने तो मेला नाही, तर वार करणाऱ्याचं बळ त्याच्यात जातं. आता सैन्य आणणं म्हणजे त्याला खाऊ घालणं.

नियम सांगायचा कसा, हे उरलं होतं. ऑडिओत निवेदकाने समजावलं की मजा जाते. म्हणून ध्वनी-आरेखनासाठी सूचना लिहिली: पहिल्या वाराला तलवारीचा खणखणाट आणि त्याची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, दुसऱ्या वाराला आस नाही, आवाज मध्येच तुटलेला. हा फरक आधी एका दुय्यम सैनिकाच्या हरण्यात ऐकवायचा, पात्रांना कोडं सुटण्याच्या किमान तीन भाग आधी.

नायकाचा वार पहिल्याच भेटीत, संतापाच्या भरात खर्ची घालायचं ठरलं. त्यामुळे पुढचे सगळे भाग सोबत्यांच्या वाट्याला आले, आणि तिसऱ्या खलनायकापासून जिला एकही धड संवाद नव्हता, त्या वैद्यीणबाईचा वार शेवटपर्यंत राखून ठेवला.