वजन: रोजनिशीतली काही पानं

सोमवार, पहाट

मृग लागून आठवडा होत आला, आभाळ कोरडंच. अशा दिवसांत प्रार्थनेत पहिला शब्द पाऊस असतो आणि त्यात गैर काही नाही. पेरणीचं बियाणं घरात आणून ठेवलेलं असलं की तोंडात दुसरं काय येणार? पण होतं असं, की पावसामागून शाळेची फी येते, फीमागून कुणाचं तरी दुखणं, आणि आमेन म्हणून उठताना लक्षात येतं की देवाशी बोलणं झालं, देवाकडे बघणं राहिलंच. या आठवड्यात क्रम उलटा: बघणं आधी, मागणं शेवटी.

बघायचं म्हणजे काय, तर त्याचं गौरव. बायबलाच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, यासाठी जो हिब्रू शब्द येतो तो ‘कावोद’, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे जड असणं. मराठी बायबलात तो कुठे गौरव, कुठे वैभव, कुठे तेज, कुठे महिमा असा उतरतो, म्हणून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नुसता उजेड येतो. मुळात आहे ते वजन. ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असं आपण म्हणतो ना, तेच. १ शमुवेलच्या चौथ्या अध्यायात म्हातारा याजक एली आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो, कारण तो वृद्ध होता आणि जड होता. त्याच अध्यायाच्या शेवटी त्याची सून पोराचं नाव ईखाबोद ठेवते: इस्राएलाचं गौरव गेलं. ‘जड’ आणि ‘गौरव’ दोन्ही एकाच मुळाचे शब्द. लिहिणाऱ्यानं हे सहज केलं असेल असं वाटत नाही.

मोंढ्यात पोतं काट्यावर चढलं की मालाची तारीफ कुणी करत बसत नाही, काटा बोलतो. स्तुतीनं देवाचं वजन वाढत नाही. ते आहे तेवढंच आपल्या काट्यावर उमटतं. बिघाड काट्यात असतो. चिंतेचं पोतं आधीच चढवून ठेवलेलं असतं आणि काटा शून्यावर आणलेलाच नसतो. पुष्कळ ठिकाणी उपासनेत पापकबुली स्तुतीच्या आधी येते ती याचसाठी.

मंगळवार

बायबलातलं स्तोत्र १९. वचनं चौदा, पण एका पहाटेला पहिली सहा पुरे. ही सहा आकाशाबद्दल, सात ते अकरा देवाच्या नियमशास्त्राबद्दल, बारा ते चौदा प्रार्थना. तीन दिवसांचं काम झालं.

वेळ अर्धा तास. पहिली दोन मिनिटं गप्प. मग सहाही वचनं मोठ्यानं दोनदा वाचायची. घरातले झोपले असतील तर ओठ हलवून. तिसऱ्यांदा वहीत हातानं उतरवायची. याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत. डोळा जिथून घसरून जातो तिथं हात थांबतो. उतरवताना दिसतं की पहिल्या वचनात ‘देव’ आहे आणि सातव्यापासून ‘परमेश्वर’. हिब्रूतही तसंच: आधी ‘एल’, आणि मग कराराचं नाव (मराठीत ‘परमेश्वर’) सात ते नऊ या वचनांत सहा वेळा, चौदाव्यात एकदा, असं सातदा. कुणीतरी थोर आहे एवढं आकाश सांगतं. त्याचं नाव सांगायला शास्त्र लागतं. मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत वाचणाऱ्याला हे दहा वर्षांत दिसायचं नाही.

पुढे वहीत दोन ओळी. पहिली, इथे देव कसा आहे. दुसरी, तीच ओळ ‘तो’ काढून ‘तू’ घालून. ‘तो आकाशाला बोलतं करतो’ ही माहिती. ‘तू आकाशाला बोलतं करतोस’ ही उपासना. एका सर्वनामाचा फरक, पण तो तोंडानं म्हणून बघावा. ‘यातून मला काय मिळालं’ हा प्रश्न आधी आला की सगळं बिनसतं. दिलासा शोधायची सवय इतकी मुरलेली असते की माणूस स्तोत्रात शिरतो तो औषधाच्या दुकानात शिरल्यासारखा.

मन भटकतं. भटकू दे. आठवलेली गोष्ट वहीच्या मागच्या पानावर एका शब्दात टाकायची: बियाणं, फी, आईचा बीपी. झटकायला गेलं तर ती दुप्पट जोरानं येते. लिहिली की गप्प बसते. शेवटच्या पाच मिनिटांत तेच पान मागण्यांची यादी म्हणून उघडायचं. यादी रोज आपोआप तयार होते आणि खरी असते, कारण मन जिथं पळालं तिथंच आपली गरज.

एक आणखी, हे मला सगळ्यात आवडतं. त्या दिवसाचं वचन अभंगाच्या एका कडव्यात बसवायचं. मोठ्या अभंगाचा साचा सोपा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, जोडाक्षर एकच धरायचं. साचा आपल्याच मातीतला. नामदेवांची नरसी हिंगोलीकडे, जनाबाईंचं गंगाखेड परभणीकडे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगातूनच ख्रिस्त गायला, तेव्हा मराठी ख्रिस्ती मंडळीला तो परका नाही. आजच्या सहा वचनांचं हे असं:

आकाश बोलते । न शब्द न वाणी ।
तरी पडे कानी । महिमा गा ॥

कविता म्हणून सामान्यच आहे. पण बावीस अक्षरांत बसवताना फापटपसारा गळतो आणि उरलेलं दिवसभर तोंडात राहतं, गाडीवर असो की टँकरच्या रांगेत.

खाडे पडले तर भरपाई करू नये. वर्षात बायबल संपवायचं म्हणजे ११८९ अध्याय, रोज सव्वातीन. जानेवारी संपता संपता लेवीय हे नियमांचं पुस्तक लागतं, चार दिवस चुकले की तेरा अध्यायांची थकबाकी, आणि मग वाचन वसुलीसारखं होतं. चुकलेलं सोडून आजच्या पानावर यावं.

गुरुवार, रात्री

‘तुझं गौरव मला दाखव’ असं मोशे म्हणतो (निर्गम ३३). म्हणतो कधी? लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचं प्रकरण नुकतंच झालंय, आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्यात, लोकांसोबत देव पुढे येणार की नाही हाच प्रश्न आहे. सगळं आलबेल असताना केलेली ही मागणी नव्हे. त्याला उत्तर मिळतं ते असं: माझं सगळं चांगुलपण तुझ्यासमोरून जाऊ देईन आणि माझं नाव तुला ऐकवीन. मागितलं दिसणं, मिळालं ऐकणं. कपारीत उभं राहायचं, वरून देवाचा हात, आणि पुढच्या अध्यायात ते नाव: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध.

‘मंदक्रोध’वर थोडं थांबायला हवं. मराठीत रागीट माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हिब्रूतही राग आणि नाक यांना एकच शब्द, आणि मंदक्रोध म्हणजे शब्दशः ‘लांब नाकाचा’. राग शेंड्यापर्यंत यायलाच वेळ लागतो जणू! हे ऐकून हसू येतं, आणि यावं. देवाच्या ठायी आनंद म्हणजे दर वेळी डोळे भरून येणं नव्हे. असं हसू येणंही त्यातच धरावं.

नव्या करारात योहानाचं शुभवर्तमान, म्हणजे योहानानं सांगितलेली येशूची हकीकत, घ्यावं. एकवीस अध्याय, रोज एक, तीन आठवडे. लाल पेन्सिल घेऊन ‘गौरव’ दिसेल तिथं खूण करायची, बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी पानं चाळली की खुणांची दाटी बारा ते सतरा या अध्यायांत सापडते, म्हणजे वधस्तंभाच्या तोंडावर. तेराव्यात येशूचा शिष्य यहूदा घास घेऊन बाहेर पडतो, योहान तीनच शब्द लिहितो, ‘तेव्हा रात्र होती’, आणि लगेच येशू म्हणतो, आता मनुष्याच्या पुत्राचं गौरव झालं. दगा द्यायला माणूस निघालाय, आणि हा म्हणतो आता! बाराव्यातला गव्हाचा दाणाही गौरवाच्याच संदर्भात आलाय: जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. पेरणीच्या तोंडावर हे वाचणाऱ्याला समजावून सांगायला नको.

म्हणून प्रार्थनेत ‘प्रकाश दिसत नाही’ अशी तक्रार आली की विचारावं, आपण बघतोय कुठे?

शुक्रवार

उपास, एका जेवणाचा. पाणी प्यायचं. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, गोळ्या चालू असतील तर नाही. वाचलेल्या जेवणाचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढायचे, नाहीतर ते घरातच जिरतात. कुणाला सांगायचं नाही. मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना, उपास तिन्हींना ही एकच अट आहे. भूक लागली की कालचं कडवं म्हणायचं. बस.

रविवार, संध्याकाळ

उपासनेत आवाज वाढला म्हणजे गौरव वाढलं असं हल्ली धरलं जातं. कीबोर्ड, दोन मोठे स्पीकर, तेच धृपद अकरा वेळा. वाद्यांना माझा विरोध नाही. पण गाण्यात ‘तू कोण आहेस’ हे एकदाही न येता ‘मला कसं वाटतंय’ एवढंच आलं तर काट्यावर पुन्हा आपणच चढलो. साक्षींचंही तेच, म्हणजे देवानं काय केलं ते उभं राहून सांगण्याचं. नोकरी लागली तो उभा राहतो, आजार बरा झाला ती उभी राहते. ज्यांचं मागणं पुरं झालं नाही ते मागच्या बाकावर खाली मान घालून. त्यांच्याकडे सांगायला काही नाही असं आपण ठरवूनच टाकलेलं असतं.

जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव आहे, नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी होता, आणि त्या चर्चची शिकवण १६४७ च्या, धर्मशिक्षणाच्या लघु प्रश्नोत्तरावलीवर उभी. एकूण १०७ प्रश्न. पहिलाच प्रश्न: मनुष्याचा मुख्य हेतू कोणता? उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणं. हेतू एकवचनी, क्रियापदं दोन. गौरव हे कर्तव्य आणि आनंद हा त्याचा मोबदला, अशी वाटणी त्यात नाही.

मागच्या बाकासाठी हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक आहे. तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात सहा गोष्टी गेल्यात: अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. अठरावं वचन ‘तरी’नं सुरू होतं: तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. अध्यायाच्या शेवटी टीप आहे, मुख्य गवयासाठी, तंतुवाद्यांवर. म्हणजे ही यादी गाण्यासाठी लिहिली होती, सगळ्यांनी मिळून. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात हे वचन शब्दशः गाता आलं असतं.

उद्यासाठी वहीत तेच करायचं. सहा ओळी आखायच्या आणि अंजीर-जैतुनाच्या जागी आपलं लिहायचं. सोयाबीन उगवलं नाही. मोसंबीची बाग वाळली. बोअर आटला. ज्याचं जे असेल ते, पण खरं, गोड करून नाही. सातव्या ओळीवर एकटा ‘तरी’. तो लिहायला हात धजत नसेल तर खोटा लिहू नये; सहा ओळींखाली तारीख टाकून वही मिटावी आणि मंगळवारी त्याच पानावरून पुढे.