सहाव्या बुडीनंतर

क्षयरोगाच्या कामात सगळ्यात अवघड रुग्ण कोणता असं कुणी विचारलं, तर मी दारू पिणाऱ्याचं नाव घेणार नाही. तो निदान खोटं बोलतो, आणि खोटं पकडता येतं. अवघड असतो तो शांतपणे खरं सांगणारा माणूस: गोळ्या मी बंद केल्यात, कारण देवाने मला बरं केलंय. माझ्यासारखी ख्रिस्ती बाई समोर असली तर आणखी अवघड. देव बरं करतो यावर माझाही विश्वास आहे.

मी मूळची भुसावळची, रेल्वेच्या घरातली. नंदुरबार जिल्ह्यात क्षयरोगाच्या उपचारांवर देखरेख करायचं काम करते. म्हणजे कोण गोळ्या घेतोय, कोणाच्या संपत आल्यात, कोण अर्ध्यात सोडून गेला, हे पाड्यापाड्यावर फिरून बघायचं. नवापूर तालुका माझ्याकडे आहे. इथल्या मावची आणि भिल्ल वस्त्यांत ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय तर स्वातंत्र्याआधीपासूनचं. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण इथल्या जुन्या माणसांना ठाऊकच नव्हतं. ते अलीकडे ऐकू यायला लागलंय, आणि मला त्याची काळजी वाटते.

दिवाळी नुकतीच झाली होती. भात खळ्यावर आलेला, तूर फुलावर. याच दिवसांत आमचा सगळा भाग रिकामा व्हायला लागतो. मुकादमाचे ट्रक येतात आणि नवरा-बायकोच्या जोड्या गुजरातेत ऊस तोडायला जातात. जोडीला ‘कोयता’च म्हणतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. या ट्रकांच्या आधी आमच्या रुग्णांना गाठणं, ही माझी वर्षातली सगळ्यात मोठी धावपळ.

त्या दिवशी ज्या रुग्णाकडे निघाले होते, तो तिशीचा असेल. ऑगस्टमध्ये थुंकीत जंतू सापडले तेव्हा वजन 41 किलो. वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या, एकेका गोळीत चार औषधं. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा कोर्स. पहिल्याच महिन्यात त्याचा ताप गेला, खोकला कमी झाला, भाकरी गोड लागायला लागली. आमच्या कामात हाच काळ धोक्याचा असतो. माणसाला वाटतं, संपलं. पण काही जंतू फुप्फुसात झोपल्यासारखे पडून असतात, त्यांना मारायलाच पुढचे महिने लागतात. मध्येच सोडलं की ते उठतात, आणि औषधांना दाद न देणारे होऊन उठले तर मग सगळंच कठीण.

दुपारी त्याच्या घरी पोचले. कुडाच्या भिंती, दारावर खडूने काढलेला क्रूस, अंगणात गोणपाटात बांधलेली भांडी आणि दोन कोयते. ट्रक संध्याकाळी येणार होता.

“जय ख्रिस्त, ताई,” तो म्हणाला. तब्येत खरंच सुधारलेली दिसत होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “भाऊ, लघवीचा रंग कसा आहे?” या गोळ्यांतल्या एका औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. गोळी घेतली की नाही ते त्यावरून लगेच कळतं.

“साधाच आहे. दसऱ्यापासून गोळ्या घेतल्या नाहीत.”

दसऱ्याच्या सुट्टीत तालुक्यात एक चंगाई सभा, म्हणजे आजारी माणसं बरी व्हावीत म्हणून प्रार्थनेची सभा, झाली होती. तिथे त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, त्याच्या छातीत ऊब आली, आणि पुढच्या रविवारी मंडळीसमोर, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांसमोर, उभं राहून त्याने साक्ष दिली की प्रभूने मला क्षयापासून मोकळं केलं. “आता गोळी घेतली तर माझी साक्ष खोटी ठरेल, ताई. मंडळीपुढे मी खोटा ठरेन, ते चालेल एक वेळ. पण देवापुढे?”

मी त्याला जंतू, फुप्फुस, झोपलेले, उठलेले, सगळं पुन्हा समजावलं. त्याने ऐकून घेतलं, एका शब्दाने अडवलं नाही. त्याला माहिती कमी नव्हतीच. मग मी त्याच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना, फोन लावला.

पाळकसाहेब खळ्यावरून तसेच आले, बाह्यांना भाताचं तूस चिकटलेलं. साठी उलटलेला माणूस. स्वतः दोन एकर कसतात आणि मंडळीही चालवतात. खाटेवर बसले, पाणी प्यायले, आणि आधी त्यांनी त्याच्या साक्षीबद्दल देवाचे आभार मानले. मला तेव्हा ते आवडलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं.

मग ते म्हणाले, “हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. रडून प्रार्थना केली. देवाने ऐकली, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलं. बरोबर? मग यशया संदेष्ट्याने काय करायला सांगितलं?”

त्याला आठवेना. उत्तर त्याच्या बायकोने दिलं, चुलीपासूनच. “अंजिरं. गळवावर अंजिरं लावायला सांगितली.”

“देवाने हो म्हटल्यावर अंजिरं कशाला?”

तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण नामानला अलीशाने औषध दिलं नव्हतं, पाळकसाहेब. नुसतं पाणी होतं.”

“पाणी होतं. पण किती वेळा बुडी मारायला सांगितली?”

“सात.”

“तो यार्देन नदीत सहा बुड्या मारून बाहेर आला असता, तर?”

घरात कोणी बोललं नाही. मला बायबलातली ही गोष्ट रविवारशाळेपासून पाठ आहे. नामान सेनापती, अंगावर कोड, अलीशा संदेष्टा दाराबाहेरसुद्धा आला नाही म्हणून रागावलेला. तो बाहेर येऊन देवाचं नाव घेईल, कोडावर हात फिरवील असं त्याला वाटलं होतं आणि सांगितलं काय, तर जाऊन सात वेळा अंघोळ कर. त्याच्या चाकरांनी त्याची समजूत घातली: मोठं काही सांगितलं असतं तर केलंच असतंत ना, मग हे साधं का नको? तरी पाचव्या-सहाव्या बुडीला त्याच्या मनात काय आलं असेल, याचा मी त्या दिवसापर्यंत कधी विचार केला नव्हता. दर वेळी वर यायचं, अंगाकडे बघायचं, कोड तसंच.

आमच्या माणसाचं तर त्याहून अवघड होतं. त्याला सहाव्या बुडीलाच अंग स्वच्छ दिसत होतं.

“साक्ष मागे घेऊ नकोस,” पाळकसाहेब म्हणाले. “पुढे चालू ठेव. रोज तीन गोळ्या घेताना म्हण, प्रभू, तू सुरू केलंस, तूच पुरं कर.”

तेवढ्यात बायको आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत कापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र होतं, आणि त्याला लागून गोळ्यांच्या पट्ट्या, सगळ्या शाबूत. एकही फेकली नव्हती. पट्ट्या माझ्या हातात देत ती म्हणाली, “ताई, साक्षीचं आहे ते खरंच आहे. पण मुकादमाचं पण आहे. पडावावर, तोडवाल्यांच्या वस्तीत, गोळ्या घेताना कोणी बघितलं, तर टीबीवाला म्हणून काढून देतील. मग उचल कुठून फेडू?”

त्याने मान खाली घातली. तो लबाडी करत नव्हता. त्याच्या मनात विश्वासही होता आणि भीतीही होती, आणि विश्वासाच्या आड भीती कधी येऊन बसली हे त्यालाही कळलं नसावं. माझ्या स्वतःच्या आयुष्यात मी हे होताना पाहिलंय, म्हणून त्याला नावं ठेवायला मला जमलं नाही.

त्यानंतरचं काम भराभर झालं, कारण ते ठरलेलं असतं. खंड महिन्याच्या आतला होता, त्यामुळे बुडलेले डोस भरून काढून तोच कोर्स पुढे नेता येणार होता. महिना ओलांडला असता तर सगळी तपासणी नव्याने आली असती. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून विचारलं. मी तरीही थुंकीच्या डबीत नमुना घेतला. ‘निक्षय’ या सरकारी नोंदणीत त्याचा क्रमांक होताच. तो क्रमांक दाखवला की गुजरातेतल्या सरकारी दवाखान्यातही गोळ्या मिळतात. त्याचा पडाव ज्या दवाखान्याच्या हद्दीत येणार होता तिथल्या माझ्यासारख्याच एका कर्मचाऱ्याला मी कळवून टाकलं. पोषण आहाराचे पैसे बायकोच्या हातात राहतील असं बघितलं. 2018 पासून महिन्याला 500 रुपये मिळायचे, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झालेत. लहान मुलगी चार वर्षांची, क्षय होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या सुरू केल्या. ती आजीजवळ राहणार होती.

मुकादमाचा प्रश्न मात्र माझ्या कुठल्याच रजिस्टरात बसत नव्हता. तो पाळकसाहेबांनी सोडवला. तोडीला पहाटे निघावं लागतं. “सगळ्यांच्या आधी अर्धा तास उठा,” ते म्हणाले. “खोपीत दिवा लावा, एक स्तोत्र वाचा, गोळ्या घ्या. प्रार्थना करणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही.”

ट्रक आला तेव्हा अंधारलं होतं. माणसं चढायच्या आधी पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळी वाचल्या. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या मंडळीत तोडीला जाणाऱ्यांना निरोप देताना दर वर्षी हेच वाचतात. आमचा ड्रायव्हर अहिराणी बोलणारा, देवळात जाणारा माणूस. तोही टोपी काढून उभा होता. मग हळूच म्हणाला, “ताई, आते निंघूत, नईतं रात हुई जाई.”

आठवड्यातून एकदा मी त्यांना फोन करायचे. सुरुवातीला त्याला मळमळायचं, दोनदा उलटी झाली. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर आधी भाकरीचा तुकडा खा, असं सांगितलं. बायको सातवी शिकलेली, स्तोत्र ती वाचायची. मंडळीच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीने काट मारायची. थंडीत तोड रात्रीही चालायची आणि शरीर उठायला नकार द्यायचं. एकदा तो फोनवर म्हणाला, “ताई, आज प्रार्थनेत मन नव्हतं. नुसतं वाचलं, नुसतं गिळलं.”

“चालेल,” मी म्हणाले.

हे मी अगदी मनापासून म्हणाले. माझे मिस्टर गेले त्या वर्षी मला प्रार्थना सुचत नव्हती. डोळे मिटले की राग यायचा. सासूबाई म्हणाल्या, सुचो न सुचो, सहाला बस. मी बसायचे. पुष्कळ दिवस नुसती बसूनच उठायचे. ज्या दिवशी पुन्हा शब्द आले त्या दिवशी मी आपल्या जागेवर होते, एवढंच मला सांगता येईल. बायबलातला पौल विश्वासाच्या वाटचालीला शर्यत म्हणतो आणि धावणारा सगळ्या गोष्टींत स्वतःला आवरतो असं लिहितो. मला वाटायचं, हे बलवान माणसांसाठी आहे. आता वाटतं, हे थकलेल्यांसाठी जास्त आहे. अंगात जोर असताना नेमाची गरज कुणाला लागते?

होळीच्या सुमाराला ते दोघं परतले. कोर्स पुरा झाला होता, थुंकी स्वच्छ आली, वजन 47 भरलं. पुढच्या रविवारी मीही त्या मंडळीत गेले. त्याने साक्ष दिली. आधीची मागे घेतली नाही, त्यातच पुढचं जोडलं. पट्ट्यांची रिकामी पाकिटं पिशवीत भरून आणली होती, ती वर धरून दाखवली. मागच्या बाकावरची एक म्हातारी उपासना संपल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, माझ्या नातवाला तीन आठवडे खोकला आहे, डबी दे.

यंदाही चंगाई सभा आहे. पाळकसाहेब आणि तो, दोघं आयोजकांकडे जाऊन आले आणि मंचावरची पाच मिनिटं मागून घेतली. तो बोलणार आहे. मी मजकूर लिहून देते म्हटलं तर नको म्हणाला, दोनच गोष्टी सांगायच्यात: प्रार्थनेला पुढे या, आणि गोळ्या चालू असतील तर डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एकही चुकवू नका. सभेच्या मांडवाबाहेर आम्ही थुंकी तपासणीचं टेबल लावतोय. त्याच्या परवानगीचा अर्ज मी काल दिला.