शनिवारी बंद

रविवारी दुपारी जेवणं झाली, ताटं अजून टेबलावरच, आणि नवऱ्याने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर सरकवला. म्हणाला, बघ गं, बसवलं सगळं. सगळं म्हणजे आमचे जानेवारीतले पाच दिवस, तीन कोचीत आणि दोन कोझिकोडला. लेक हॉस्टेलला गेल्यापासून पहिल्यांदाच दोघंच जाणार आहोत, त्यामुळे त्याच्या अंगात उत्साह संचारलाय. एक्सेल शीट, त्यात रंग भरलेले, पिवळा म्हणजे बघायचं आणि हिरवा म्हणजे खायचं, आणि लांबून बघितलं तर शीट कशी भाताच्या खाचरासारखी हिरवीगार. पिवळं कुठेतरी बांधावर उगवल्यासारखं.

म्हणजे फोर्ट कोचीला चिनी जाळी बघायची, पण का, तर तिथे शेजारीच ताजे मासे विकायला असतात आणि घेतलेले मासे जवळच करून देतात म्हणून. मग करीमीन, केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला. सकाळी अप्पम आणि स्ट्यू. कोझिकोडला तर त्याने चक्क 'दु. १ ते २.३० : बिर्याणी' असं लिहिलंय, आणि त्याखाली 'दु. २.३० ते ४ : झोप'. तिथली बिर्याणी बासमतीची नसते, बारीक आखूड तांदळाची असते, हे तो मला आठवड्यात तिसऱ्यांदा सांगतोय. नंतर लिंबू पिळलेला काळा चहा, त्याला तिकडे सुलेमानी म्हणतात, मग मिठाई गल्लीतला हलवा, मग बीचवर मिठाच्या पाण्यात मुरवलेले आवळे आणि कैऱ्या. मी म्हटलं अरे पोट किती न्यायचंय बरोबर?

माझी एकच अट होती. मट्टनचेरीचं ज्यू लोकांचं सिनेगॉग. १५६८ सालचं आहे, आणि आत जमिनीला निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, हाताने रंगवलेल्या, म्हणे एकीसारखी दुसरी नाही. मला त्या फरश्या बघायच्यात. शेजारीच तो राजवाडा, ज्याला सगळे डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, भिंतींवर रामायणाची चित्रं असलेला, तोही बघू, पण फरश्या पहिल्या. शीटमध्ये बघितलं तर नवऱ्याने ते शनिवारी टाकलेलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, शनिवारी बंद असतं.

तुला कसं माहीत, तो म्हणाला. आणि मग मी तशीच बसून राहिले, खरकट्या हाताने.

आम्ही १९८९ च्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो कोचीनला. बाबांची एलटीसी, म्हणजे नोकरीत मिळणारी प्रवासाची सवलत. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, पुण्याहून कन्याकुमारीची गाडी पकडायची आणि सोलापूर, गुंटकल, रेणिगुंटा, कोइमतूर असा सगळा दक्षिण भारत उलटापालटा करत जायचं. बाबांचाही प्लॅन होताच. एक्सेल कुठली, जुन्या कॅलेंडरच्या पानामागे, पट्टी धरून आखलेला तक्ता, '६.१० चहा, ६.३० अंघोळी' असा. त्यात खाणं हा रकानाच नव्हता. खाणं आईच्या पिशवीत होतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि चकल्या, आणि वर एक रॉकेलचा स्टो, लॉजवाला बघणार नाही अशा बेताने कळकट पंच्यात गुंडाळलेला. आईचं म्हणणं, ते लोक डोक्याला लावायच्या तेलात स्वयंपाक करतात. आम्ही भावंडांनी रस्त्यावर गरम गरम केळ्याचे वेफर्स तळताना बघून हट्ट केला तेव्हा तिने पुडी नाकाजवळ नेऊन परत केली होती, मला अजून तो दुकानदाराचा चेहरा आठवतो. (आज हीच बाई मधल्या वेळेला तेच वेफर्स खाते, मधुमेह असून.)

तर शनिवार. एर्नाकुलमहून बोटीने मट्टनचेरीला आलो. बोटीत ही गर्दी. उतरलो तर बाबा एकदम गप्प. खिसे चाचपत उभे राहिले, आईशी काहीतरी बोलले, आणि मग आम्हाला म्हणाले, आज शनिवार, ज्यू लोकांचा सुट्टीचा दिवस, बंद असतं. मी चौकशी करून येतो, तुम्ही इथेच थांबा. आणि गेले ते तासभर आलेच नाहीत. मी चौथीत. मला वाटलं आपले बाबा किती खटपटे, बंद असलेलं देऊळ उघडून घ्यायला गेलेत.

आम्ही एका गल्लीच्या तोंडाशी सावलीत बसलो. समोर एका घरापुढे चटया टाकून पापड वाळत घातलेले. लहान लहान, पांढरे, शेकड्याने. एक बाई त्यांच्यावर नजर ठेवून बसली होती आणि एक पोरगा मधून पळत होता, त्याच्यावर ती ओरडली, हांगा यो रे! आई ताडकन उठली. आई वेंगुर्ल्याची. घरापासून इतक्या लांब, जिथे पाटीवरचं एक अक्षर वाचता येत नाही, तिथे कोणीतरी 'हांगा यो' म्हणतंय. ती कोकणी बोलणाऱ्यांचीच वस्ती, शेकडो वर्षांपूर्वी गोव्याहून तिकडे गेलेली माणसं, हे मला फार नंतर कळलं. आईची मालवणी आणि तिची कोकणी, दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत असणार, पण बोलत बसल्या. खूप वेळ. आई मधेच पदराने डोळे पुसत होती, मला वाटलं माहेरची भाषा ऐकून. निघताना त्या बाईने कागदात बांधून पापड दिले.

मग बाबा आले, चला म्हणाले. कन्याकुमारी रद्द, तिथे आता फार गर्दी असते म्हणाले. उरलेले दोन दिवस लॉजच्या खोलीत खिचडी आणि ते पापड, पापड आणि खिचडी, आणि भावाशी नाव-गाव-फळ-फूल. कन्याकुमारी रद्द केल्याचा राग मी बाबांवर कित्येक वर्षं धरला, कॉलेजात असताना एकदा भांडणात काढलाही होता, तुम्ही आम्हाला तीन समुद्र दाखवले नाहीत म्हणून. ते काही बोलले नाहीत. मला आजही ठरलेला प्लॅन कोणी बदलला की डोक्यात तिडीक जाते.

हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला बरं, मग रविवारी टाकतो, आणि पिवळा चौकोन उचलून एक दिवस पुढे ठेवला. वर वास्को-द-गामाचं सांगायला लागला, की आपण त्याच्या उलटे जातोय, तो १४९८ ला कालिकतजवळ, म्हणजे आताच्या कोझिकोडजवळ, उतरला आणि १५२४ मध्ये कोचीनला मेला, तिथल्याच चर्चमध्ये पुरला आणि १४ वर्षांनी त्याला पोर्तुगालला हलवला. म्हणजे यालाही परतीचं रिझर्व्हेशन लगेच मिळालं नाही तर, मी म्हटलं.

संध्याकाळी आईला फोन केला. सहज, की आम्ही तिकडे जातोय, तुला तो पापडवाल्या बाईचा वाडा कुठे होता काही आठवतंय का.

आई म्हणाली, पापडवाली नाही गं, तिने पन्नास रुपये दिले.

कसले?

अगं, पाकीट मारलं होतं ना बाबांचं. बोटीत. ते चौकीवर गेले होते, तिथे कोणाला ह्यांचं इंग्रजी कळेना. परतीची तिकिटं माझ्या पिशवीत, दशम्यांच्या डब्याखाली होती म्हणून राहिली. लॉजचे आगाऊ भरलेले होते. पण बोटीला पैसे नव्हते, तुम्हाला दूध घ्यायला नव्हते. मग मी मागितले तिच्याकडे. आयुष्यात कोणाकडे मागितले नव्हते. पुण्याला आल्यावर पहिल्यांदा मनीऑर्डर केली ह्यांनी.

मग शनिवारी बंद असतं ते?

ते असेल बाई बंद, मला काय माहीत, आम्ही दारापर्यंत गेलोच कुठे.

बाबांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी फोन कानाला धरून उभी. आई म्हणाली, ऐक, पैसे एका जागी ठेवू नका, आणि परतीचं तिकीट कन्फर्म आहे ना?