आधी शब्द, मग चाल

ठाण्यातल्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा तुळशीचे लग्न लागल्यानंतरच्या एखाद्या शनिवारी भरतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, अहवालवाचन, पाहुण्यांना श्रीफळ आणि गुणवंत मुलांना वह्या एवढे आटोपले की ज्यासाठी सगळे येतात, निदान मी तरी येतो, तो ‘आवडता गीतकार’ हा कार्यक्रम सुरू होतो. त्याचा नियम एकच आहे. मंडळाच्या एका सभासदाने एका गीतकाराविषयी बोलायचे, त्याचे एक गाणे चालीशिवाय, कविता वाचावी तसे वाचून दाखवायचे आणि त्यानंतरच पेटी-तबल्याला हात लावायचा. हा नियम घालणारे आमचे पहिले चिटणीस आकाशवाणीच्या ‘आपली आवड’वर वाढलेले गृहस्थ होते. तिथे गायकाबरोबर गीतकाराचे आणि संगीतकाराचेही नाव सांगितले जाई. पुढे ऑर्केस्ट्राचे दिवस आले, निवेदक ‘लतादीदींचे गाणे’, ‘आशाताईंचे गाणे’ एवढे म्हणून मोकळे होऊ लागले आणि ते गाणे लिहिले कोणी याची चौकशीही कोणी करीना, याचा चिटणिसांना मनस्वी राग होता. तो राग त्यांच्याकडून माझ्याकडे आला आहे आणि तो कमी व्हावा असे मला कधी वाटलेले नाही.

ठाण्यात असा कार्यक्रम पी. सावळाराम यांच्यापासून सुरू व्हावा हे ओघानेच आले. निवृत्तीनाथ रावजी पाटील हे त्यांचे मूळ नाव. ते सांगली जिल्ह्यातले, पण ठाण्याचे नगराध्यक्ष झाले आणि येथलेच होऊन गेले. त्यांच्यावर बोलायला आमच्या बालवाडीच्या बाई उभ्या राहिल्या, ज्यांनी तोवर मुलांच्या हजेरीखेरीज चारचौघांत मोठ्याने काही वाचले नव्हते. वहीच्या दोन पानांवर त्यांनी भाषण लिहून आणले होते आणि ती पाने हातात थरथरत होती. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे गाणे वसंत प्रभूंच्या चालीत आणि लताबाईंच्या आवाजात आपण इतक्या लग्नांत ऐकले आहे की त्यातले शब्द कोणी ऐकतच नाही. बाईंनी ते सावकाश वाचले आणि म्हणाल्या, की चालीत ऐकताना ही आई मुलीची समजूत काढते आहे असे वाटते, पण नुसते वाचले की कळते, ती मुलीला हुकूम करते आहे आणि हुकूम करणारीलाच तो पाळणे जड जाते आहे. सभागृहात लेकी सासरी पाठवलेल्या बायका पुष्कळ होत्या. त्यानंतर गाणे झाले की नाही हे मला आठवत नाही.

मला हेलावून टाकते ते अशाच प्रकारचे भाषण. जाणकार वक्तेही आमच्याकडे येऊन गेले आहेत. वृत्त, छंद, प्रतिमासृष्टी यांविषयी त्यांनी उत्तम माहिती दिली, आणि त्यांचे आभार आम्ही वेळोवेळी मानलेच आहेत. पण एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे कंडक्टरकाका जगदीश खेबूडकरांवर बोलले, त्याची सर कशालाही नाही. खेबूडकर पेशाने शिक्षक, कोल्हापूरचे. काकांनी फक्त एक वर्ष घेतले, १९७२. त्या एका वर्षात ‘पिंजरा’तल्या लावण्याही आल्या आणि ‘आम्ही जातो अमुच्या गावा’मधले ‘देहाची तिजोरी’ही आले. काका म्हणाले, की रातराणीच्या फेरीला ड्रायव्हर झोप लागू नये म्हणून लावणी गुणगुणायचा आणि उजाडता उजाडता कऱ्हाड मागे पडले की तोच ड्रायव्हर त्याच आवाजात ‘देहाची तिजोरी’ धरायचा. दोन्ही गाणी एकाच मास्तरांची, हे त्याला सांगितले तेव्हा त्याने ते खरे मानले नाही. एवढेच भाषण. मग काकांनी दोन्ही गाण्यांची धृपदे एकापाठोपाठ एक वाचली, अगदी तिकिटाचे दर सांगावेत इतक्या कोरड्या आवाजात, आणि तरीही दोन्हींतली अक्षरे कशी घट्ट बसवलेली आहेत हे लख्ख दिसले.

२०१९ हे माडगूळकरांचे आणि सुधीर फडक्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला सुरू झालेले गीतरामायण पुढच्या रामनवमीपर्यंत चालले. मध्ये अधिक भाद्रपद आल्यामुळे त्याची गीते ५६ झाली. पहिले गीत ऐन वेळी हरवले आणि गदिमांनी ते पुन्हा लिहून दिले, ही हकिकतही कोणीतरी सांगितलीच. ती आमच्याकडे विषय कोणताही असला तरी सांगितली जाते आणि दर खेपेस ते गीत पुन्हा लिहायला लागलेली मिनिटे कमी होत जातात. त्या वर्षी गर्दी मावेना. गीतरामायणाला गर्दी होते, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण त्याच लोकांना पुढच्या मेळाव्यांत मी शोधत असतो, हेही खरे.

त्याआधी, २०१६ मध्ये, मंडळात थोडे वादळ झाले होते. बॉब डिलनला साहित्याचे नोबेल जाहीर झाले आणि एका सभासदाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने त्याच्यावर बोलण्याची परवानगी मागितली. कार्यकारिणीत कुजबुज झाली. रॉक संगीत म्हणजे काय वाजवणार, पेटीवाल्यांनी कुठे बसायचे, असे प्रश्न निघाले. शेवटी नियमात भाषेचा उल्लेख नाही, या मुद्द्यावर परवानगी मिळाली. मुलगा हुशार निघाला. त्याने सुरुवातच अशी केली, की मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांनी नोबेलच्या समारंभालासुद्धा येणार नाही असे कळवले आहे, तेव्हा आज जे आले नाहीत त्यांच्यावर कोणी रागावू नये. मी हसलो नाही, पण बाकीचे हसले. मग त्याने डिलनच्या त्या वाऱ्याच्या गाण्यातले, ‘ब्लोइंग इन द विंड’मधले, प्रश्न आधी मुळातून आणि नंतर स्वतः केलेल्या मराठीतून वाचले. आपल्याकडे लिहिणारा एक, चाल देणारा दुसरा आणि गाणारा तिसरा असतो. हा माणूस मात्र स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो आणि खरबरीत असला तरी स्वतःच्याच गळ्याने म्हणतो, म्हणून त्याच्या शब्दांवर मालकी कोणाची हा प्रश्नच उद्भवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर आमचे पेटीवाले काका बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘बाळा, मग आमचे वामनदादा काय करत होते?’’

वामनदादा कर्डकांचे नाव त्या दिवशी प्रथम निघाले, आणि करोनाची दोन वर्षे कोरडी गेल्यावर २०२२ मध्ये त्यांचा मेळावा झाला. शांता शेळके आणि वामनदादा दोघेही १९२२ चे. शांताबाई ऑक्टोबरातल्या, दादा ऑगस्टातले. म्हणून पूर्वार्ध शांताबाईंचा आणि उत्तरार्ध दादांचा असे ठरले. शांताबाईंवर चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी बोलल्या. इंदापुरात जन्मलेल्या, संस्कृत-मराठीत मुरलेल्या प्राध्यापिकेने हृदयनाथांच्या चालींवर कोळीगीते लिहिली याचे आपल्याला कौतुक वाटते. मावशींनी मात्र आधी एक-दोन उच्चार आमच्याकडे असे नसतात म्हणून बजावले आणि मग ‘वादळवारं सुटलं गो’ वाचून सांगितले, की होडी पाण्यात लोटणाऱ्यापेक्षा किनाऱ्यावर राहिलेलीचे भय बाईंनी बरोबर धरले आहे. प्रचंड टाळ्या पडल्या.

मध्यंतरात चहा झाला आणि मी परत आलो तेव्हा पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. लग्नाची तिथी होती असे नंतर कळले. एकाच संध्याकाळी, एकाच वेळेला, इतक्या घरांत लग्ने असावीत याचे मला आजही नवल वाटते. मागच्या रांगांतून आणि पलीकडच्या वस्तीतून आलेल्या मंडळींनी सभागृह भरले, हे त्यांचे मोठेपण. बोलल्या त्या सिव्हिल इस्पितळातल्या सिस्टर. त्या सिन्नर तालुक्यातल्या, दादांचे देशवंडी त्यांच्या माहेरापासून जवळ. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी दादांना गाताना ऐकले होते. ज्या माणसाला अक्षरओळख प्रौढपणी झाली त्याने हजारो गीते रचली आणि गावोगाव जाऊन स्वतः गाऊन बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोहोचवला, हे त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितले. मग ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ वाचले. ढोलकीवर ते जयघोषासारखे वाजते. वाचताना तो आपल्याच माणसांना विचारलेला जाब आहे हे कळते. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून सिस्टरांनी त्यातला ‘जर’ असा काही उच्चारला की पेटीवाल्या काकांनी सूर धरायला बराच वेळ घेतला. आमच्या मंडळाने आजवर केलेले सर्वांत चांगले काम मी त्या उत्तरार्धाला मानतो, आणि ज्यांना हे पटत नाही ते त्या वेळी तिथे नव्हते.

हे सगळे उभे राहते ते ज्यांच्यामुळे, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय मला झोप लागणार नाही. पेटीवाले काका आणि त्यांच्या साथीला पगारी रजा टाकून येणारे तबलजी. गाणाऱ्या दोघी बहिणी, ज्या चाल येत असूनही आधी शब्द ऐकून घेतात. ध्वनिक्षेपकवाले, ज्यांनी भाडे वाढवले पण आमचे नाही. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या खजिनदार काकू. सभागृहाच्या किल्ल्या सांभाळणारे शाळेचे शिपाई आणि त्यांच्या गैरहजेरीत कुलूप उघडून देणारा त्यांचा मुलगा. फलक रंगवणारे चित्रकलेचे सर. बटाटेवडे तळणाऱ्या भगिनी मंडळाच्या सर्वजणी, कारण एकीचा उल्लेख केला की दुसरीचा राहतो. मोठ्या अक्षरांत भाषणे लिहून देणारी इयत्ता नववीतली मुलगी, जी आता अभियंता आहे. रात्री खुर्च्या घडी करून थप्पी लावणारी गणेशोत्सवातली पोरे. आणि सतरंज्या देणारे शेजारचे आजोबा, ज्यांच्या सतरंज्या अजून दोन परत जायच्या आहेत. कोणी राहिले असल्यास मला लगेच कळवावे, पुढच्या अहवालात घेतो.

यंदा सुरेश भट आहेत. म्हणजे गर्दी होणार, लग्नांच्या तिथीही आपोआप पुढे ढकलल्या जाणार. रुमाल टाकून खुर्च्या धरू नयेत, आणि गझल वाचली जाईपर्यंत कोणी चाल गुणगुणू नये, अशी सूचना फलकावर लावली आहे. चिटणिसांची सही असली तरी मजकूर माझा आहे.